कुलपातला घोडा

रत्नमालाबाईंच्या तांड्यावरच्या अंगणवाडीत तेवीस वर्षांत फक्त एक खेळणं तुटलं, आणि तेही पहिल्याच दिवशी. हा विक्रम बाई भेटेल त्याला सांगत. विक्रमाचं गुपित अगदी साधं होतं. खेळणी लोखंडी कपाटात होती, कपाटाला कुलूप होतं आणि कुलपाची किल्ली बाईंच्या गळ्यातल्या पोतीत, काळ्या मण्यांच्या शेजारी ओवलेली होती. नवऱ्याचं नाव आणि सरकारचं सामान, दोन्ही एकाच दोऱ्यात.

आता यावरून बाईंना मुलं आवडत नव्हती असं कोणी समजू नये. चिंचोके घेऊन बसल्या की बाई अशी बेरीज शिकवत की तांड्यावरचं चार वर्षांचं पोर शेळ्या मोजताना बापाची चूक काढी. गोष्ट सांगायला लागल्या की त्यांची मदतनीस सुंदरबाई तोंड उघडं टाकून ऐकत बसे आणि आठवड्यातून दोनदा खिचडी लागे. कामरगावातल्या आपल्या घरून तांड्यापर्यंतचे तीन किलोमीटर बाई स्कूटीवर येत, आणि वाटेतच अर्धी मुलं स्कूटीमागं पळत शाळेत पोचत. प्रेमाला तोटा नव्हता. फक्त खेळण्यांना हात लावायचा नाही.

ते तुटलेलं एक खेळणं म्हणजे लाकडी घोडा. अंगणवाडी सुरू झाली त्या दिवशी ऑफिसातून आलेला, झुलता, लाल लगामाचा. उद्घाटनाला पंचायत समितीचे तेव्हाचे सभापती आले होते. फीत कापली, नारळ फुटला, फोटो निघाले, मंडळी चहा-चिवड्याला मांडवात गेली. बाई कप विसळून आत येतात तो घोडा आडवा पडलेला, आणि त्याचा मोडका पाय हातात घेऊन चार वर्षांचा खेमा उभा. बाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या, नोकरीचा पहिला दिवस होता. त्यांनी खेमाच्या गालावर अशी ठेवून दिली की मांडवातल्यांचे चिवड्याचे घास हातातच राहिले. त्या वेळच्या पर्यवेक्षिकेनं बाईंकडून तिथल्या तिथं जबाब लिहून घेतला, की पुन्हा तुटफूट झाल्यास सर्वस्वी मी जबाबदार राहीन.

खेमा दुसऱ्या दिवसापासून आला नाही. दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला गेला, पुढं शाळेतही टिकला नाही, आणि मोठा होऊन गवंडी झाला. घोडा मात्र टिकला. सरकारी वस्तू तुटली तरी मरत नाही, तिला मरायला वरून मंजुरी लागते. ती काही आली नाही, म्हणून घोडा आपल्या सुट्या पायासकट कपाटाच्या तळाशी पडून राहिला.

उद्घाटनाचा फोटो कपाटाच्या वर टांगलेला होता. मधोमध सभापती. गळा झेंडूच्या हारानं झाकलेला, बाकीचं सगळं पोटानं झाकलेलं, आणि त्या पोटाखालून घोड्याचं तोंड कसंबसं बाहेर आलेलं. मागं सगळा तांडा उभा. सगळे कॅमेऱ्याकडं बघताहेत, एक खेमा सोडून. तो तोंडात बोट घालून खाली घोड्याकडं बघतोय.

"पाहा, तवापासूनच त्याचा डोळा होता घोड्यावर," बाई येणाऱ्याजाणाऱ्याला फोटोवर बोट ठेवून सांगत.

मागच्या उन्हाळ्यात या सुखात माती कालवायला पुण्याच्या मॅडम आल्या. लहान मुलांच्या खोल्या कशा असाव्यात हे आखून देणं हाच त्यांचा धंदा. तांड्याला हे काही उमगेना. खोलीत आखायचं काय? चार भिंती नि वर पत्रा. त्यात मॅडमनी आल्या आल्या पँट सावरली, गुडघे टेकले आणि अख्ख्या खोलीत गुडघ्यावर फिरू लागल्या. दारात गर्दी जमली.

"बाईनं कायचा नवस केला व्हय?" सुंदरबाईनं हळूच विचारलं.

"मुलांच्या उंचीवरून बघतेय," मॅडम जमिनीवरून म्हणाल्या. "इथून फक्त भिंत दिसते आणि तुमचे गुडघे."

मग जुनी खोली पडली आणि नमुना म्हणून नवी उभी राहिली. खिडक्या जमिनीपासून दीड फुटावर, म्हणजे पोरांना बसल्या बसल्या बाहेरचा बैल दिसावा. नळ पोरांच्या कमरेला. एका कोपऱ्यात ओटा आणि ओट्याखाली पोरांना शिरायला गुहा. आणि एका भिंतीला, गुडघ्याइतक्या उंचीवर, खेळण्यांचे उघडे खण. ठेकेदारानं कामावर गवंडी लावला तो नेमका खेमा.

"मॅडम, याले दार?" खण बांधताना खेमानं विचारलं.

"दार नाही. मुलं आपली आपण घेतील."

"मंग कडी?"

"कडीही नाही."

खेमा थापी हातात धरून बराच वेळ हसला. "बाई मरन," एवढंच म्हणाला. बांधकाम संपलं तशी त्यानं हत्यारं गोळा केली आणि बाहेर पडला, तो पुन्हा आपणच बांधलेल्या उंबऱ्याच्या आत आला नाही. पोरगी रीता चार वर्षांची झाली तेव्हा तिला दारापर्यंत सोडायचा आणि तिथूनच वळायचा. रीता आत यायची, भिंतीला टेकून बसायची, आणि दोन्ही हात पाठीमागं एकमेकांत घट्ट धरून ठेवायची. गाणी म्हणायची, चिंचोके मोजायची, पण तोंडानं. हात जेवायला तेवढे पुढं यायचे.

बाई काही मेल्या नाहीत. त्यांनी तोड काढली. खोलीबरोबर आलेली नवी खेळणी जुन्या कपाटात गेली, आणि खणांत खेळण्यांची रिकामी खोकी ओळीनं मांडली गेली. खोक्यांवर खेळण्यांचे रंगीत फोटो होतेच. गुहेत झाडू, सरपण आणि पोषण आहाराची पोती गेली. दीड फुटावरच्या खिडक्यांना पुठ्ठे लागले, कारण बैल दिसला की पोरं बैलाकडं बघतात, बाईंकडं नाही. सहा महिन्यांत त्या नव्या खोलीची इतकी छान जुनी खोली झाली की बाईंना पुन्हा घरच्यासारखं वाटू लागलं.

आणि मग गुरुवारी दुपारी, मुलं घरी गेल्यावर, पर्यवेक्षिका अंजना मॅडमचा मोबाइलवर मेसेज आला. बाईंनी तो सुंदरबाईला मोठ्यानं वाचून दाखवला.

"उद्या शुक्रवारी पथक येत आहे. खेळणी प्रत्यक्ष वापरात असल्याचे दिसून आले पाहिजे. जिथे खेळणी नवीकोरी आढळतील तो नमुना नापास समजून केंद्र शेजारच्या गावात विलीन करण्यात येईल."

शेजारचं गाव नाल्यापलीकडं. पावसाळ्यात चार महिने नाल्याला कमरेइतकं पाणी, आणि उरलेले आठ महिने आईबाप कामावर. पोरांना कोण पोचवणार? केंद्र तिकडं गेलं की तांड्याची सतरा पोरं दिवसभर शेळ्यांमागं फिरणार, हे सांगायला परिपत्रक लागत नव्हतं. पोरांची खिचडी जाणार, सुंदरबाईची चूल जाणार. तिकडं आधीच एक सेविका होती, तेव्हा बाईंच्या तेवीस वर्षांचंही वाटोळं होणार. बाईंनी मोबाइल सतरंजीवर टाकला.

"तेवीस वर्षं सांगतलं, खेळणी जपा. आता म्हंते वापरलेली दाखवा! एका दुपारात कशी वापरू वं मी?"

"त्यात काय हाय," सुंदरबाई म्हणाली. तिनं आयुष्यात नवं लुगडं जुनं होताना पाहिलं होतं, नवरा जुना होताना पाहिला होता. "काढा तं खरी."

कपाट उघडलं. प्लॅस्टिकच्या पिशव्या टराटरा फाडल्या. ट्रक, बाहुली, लाकडी ठोकळे, मण्यांच्या माळा, डॉक्टरचा डबा, इवलाली भांडीकुंडी, आणि काठीनं वाजवायचा एक सात पट्ट्यांचा बाजा. सगळं सतरंजीवर मांडलं आणि दोघी बायका समोरासमोर बसल्या. खेळणं वापरतात कसं, हे दोघींपैकी एकीलाही ठाऊक नव्हतं. सुंदरबाई सात वर्षांची असताना डोक्यावर पाटी घेऊन बांधावर गेली होती. बाईंनी बाहुली पाहिली ती एकदम दुकानाच्या काचेत.

सुंदरबाईनं ट्रक उचलला, चुलीतली राख घेतली, नारळाची शेंडी घेतली आणि हाताला सवय तसा घासायला सुरुवात केली. दहा मिनिटांनी ट्रक असा लखलखला की दुकानातही नसेल.

"अवो बाई, तू त्याले आणखी नवा करून राह्यली!"

"मंग काय करू?"

"पाटा आण."

पाट्यावर ट्रकचं चाक धरून वरवंटा मारला. पहिल्या घावाला काही झालं नाही, चिनी माल असूनही. तिसऱ्याला चाक सुटून थेट चुलीत गेलं. बाजाची एक पट्टी बाईंनी दगडानं उचकटली. बाहुलीवर चहा ओतला, मळका रंग यावा म्हणून. तिचा हात काही निघेना. सुंदरबाईनं धड धरलं, बाईंनी हात धरला, आणि दोघींनी उसाचं कांडं मोडावं तसा ओढला. हात निघाला तेव्हा दोघी दोन बाजूंना उताण्या पडल्या. बाईंना हसू फुटलं, सुंदरबाईला तर ठसका लागला. पन्नाशीच्या दोन बायका त्या दुपारी पहिल्यांदाच खेळल्या म्हणायच्या, आणि तेही शासनाच्या आदेशानं.

"काय करून राह्यल्या तुमी?"

आवाज जमिनीलगतून आला. खिडकीवरचा पुठ्ठा एका कोपऱ्यात वाकला होता, आणि त्या फटीतून दोन डोळे आत बघत होते. ती खिडकी पोरांना बाहेरचं दिसावं म्हणून केली होती, पण खिडकीला काय, ती दोन्हीकडून चालते.

"काही नाई वं रीता. घरी जाय," बाई उठून बसत म्हणाल्या.

"बाहुलीचा हात काहून तोडला?"

"जुनी करून राह्यलो खेळणी. उद्या सायेब येऊन राह्यला. त्याले जुनी पायजे."

रीतानं थोडा विचार केला. "मंग आमाले द्या ना," ती म्हणाली. "आमी खेळलो का आपोआप जुनी होतीन."

यावर बाईंजवळ तेवीस वर्षांतलं एकही परिपत्रक नव्हतं. सुंदरबाईनं उगाच पाटा पुसला.

"ये आत," शेवटी बाई म्हणाल्या.

रीता दारापर्यंत आली आणि थांबली. हात पाठीमागं गेले. "बानं सांगतलं, बाईच्या सामानाले हात लावाचा नाई. बाई मारते."

बाईंना ते लागलं. फार लागलं. तेवीस वर्षांत त्यांनी दुसऱ्या कुठल्याही पोरावर हात उचलला नव्हता, पण त्या एका चापटीचा आवाज तांड्यात अजून फिरत होता, आणि ही पोर, ती चापट ज्याच्या गालावर बसली होती, त्याचीच होती. "नाई मारत," त्या म्हणाल्या. मग बाहुलीचा हात खाली ठेवून पुन्हा म्हणाल्या, "नाई मारत मी. जाय, साऱ्या पोट्ट्याईले बोलाव."

पाच मिनिटांत सतरा पोरं हजर, आणि त्यांच्यामागं तीन शेळ्या. बाईंनी खिडक्यांचे पुठ्ठे काढले. गुहेतली पोती सुंदरबाईनं बाहेर ओढली. खोकी खणांतून खाली आली आणि खेळणी खणांत गेली, गुडघ्याच्या उंचीवर, ना दार ना कडी. पोरं आधी नुसती बघत राहिली. मग एकानं ठोकळा उचलला, बाईंकडं पाहिलं, बाई काही बोलल्या नाहीत, आणि त्यानंतर बाईंना कोणी पाहिलंच नाही.

खोक्यावर छापलेलं एकाही पोरानं मानलं नाही. ठोकळ्यांचा मनोरा होतो असं खोकं सांगत होतं. पोरांनी त्यांची कोपी उभारली, ऊसतोडीला गेल्यावर आईबाप पाचटाची झोपडी उभारतात तशी, आणि पुढं चूल मांडली. डॉक्टरच्या नळीनं गाभण शेळी तपासली गेली. हात तुटलेल्या बाहुलीला कापसाच्या वातीची पट्टी बांधून वाशिमच्या दवाखान्यात भरती केलं. गुहेची जीप झाली. सहा पोरं आत कोंबली, चार बाहेर लटकली, आणि रीता दारात एका पायावर उभी राहून ओरडत होती, "कामरगाव, कामरगाव, कामरगाव! सरका, सरका, आजून दोन बसतीन!" तिचे दोन्ही हात हवेत होते. बाईंनी ते हात आज पहिल्यांदा नीट पाहिले.

दिवस कलताना खेमा पोरीला शोधत आला. कमरेला सिमेंटचे डाग, हातात थापी. उंबऱ्याशी थांबला. आत रीताच्या दोन्ही मुठींत मणी होते. त्यानं ते पाहिलं आणि त्याचा चेहरा कसनुसा झाला.

"बाई," तो हळू आवाजात म्हणाला, "काही तुटलं तं पोरीले मारू नका. मले सांगा. मी भरून देतो."

बाईंना 'ये आत' म्हणायचं होतं. शब्द सापडेपर्यंत तो रीताला खांद्यावर घेऊन निघूनही गेला.

सगळे गेल्यावर दोघींनी सामान आवरलं. बाईंनी एकेक वस्तू हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहिली. सतरा पोरं आणि तीन शेळ्या तीन तास त्यावर तुटून पडली होती. दोन मणी सापडत नव्हते, ते सुंदरबाईला तुरीच्या डाळीत सापडले. बाकी एकही वस्तू तुटलेली नव्हती. तुटलेल्या होत्या त्या तीनच, ट्रक, बाजा आणि बाहुली.

शुक्रवारी अकराला गाडी आली. पुण्याच्या मॅडम, जिल्ह्याचे साहेब आणि त्यांच्यापुढं वाट मोकळी करत अंजना मॅडम. साहेबांना अंगणवाड्यांची सवय होती. आपण आत शिरलो की पोरं ताडकन उभी राहतात, एका सुरात नमस्ते म्हणतात आणि आपण बसा म्हणतो, हे त्यांना पाठ होतं. इथं एकही पोर उठलं नाही. साहेब बसा म्हणायला तोंड उघडतात तोच रीता ओरडली, "ओ सायेब, सरका ना, गाडी निघून राह्यली!" साहेब सरकले. कितीतरी वर्षांत त्यांना कोणी सरका म्हटलं नव्हतं.

अंजना मॅडमचा चेहरा पांढराफटक झाला. पुण्याच्या मॅडम मात्र आल्या तशा गुडघ्यावर गेल्या. "कामरगाव, एक," म्हणाल्या आणि गुहेत शिरल्या. त्यांची बॅग टपावर गेली. खिडक्यांशी बाहेरून तांडा बसून बघत होता, कारण दीड फुटावरच्या खिडकीतून बघायचं तर बसावंच लागतं. त्यांत खेमाही होता. काम सोडून आला होता.

मॅडम जीपमधून उतरल्या, हातातला कागद काढला आणि खणांपाशी गेल्या. कागदावर 'खेळण्यांची झीज' असा रकाना होता. त्यांनी तीन चाकांचा ट्रक उचलला, सहा पट्ट्यांचा बाजा उचलला, थोटी बाहुली उचलली.

"हे कोणी तोडलं?"

"मुलांनी, मॅडम," अंजना मॅडम तत्परतेनं म्हणाल्या. "फार वापरतात हो. दिवसभर चालू असतं." आणि त्यांनी बाईंना डोळ्यानं खुणावलं, की होकार द्या.

द्यायला काहीच हरकत नव्हती. एक मान हलवली की केंद्र वाचत होतं, खिचडी वाचत होती, नाला ओलांडायची पाळी टळत होती. बाई मान हलवणारच होत्या. तेवढ्यात त्यांचं लक्ष रीताकडं गेलं. 'मुलांनी' हा शब्द ऐकून तिचं कामरगाव अर्ध्यातच थांबलं होतं. ती दाराच्या कोपऱ्यात सरकली होती, आणि तिचे दोन्ही हात पुन्हा पाठीमागं गेले होते.

"मुलांनी नाई," बाई म्हणाल्या. "म्या तोडलं."

"रत्नमालाताई!" अंजना मॅडम किंचाळल्या.

"काल दुपारी, पाट्यावर, वरवंट्यानं. बाहुलीचा हात दोघीनं मिळून ओढला. तुमचा मेसेज आला ना, वापरलेली दिसली पायजे. मी तेवीस वर्षं कुलूप लावून बसली होती, मंग वापरलेली आणू कुठून? काल संध्याकाळी पोरांना दिली. त्यांनी एक वस्तू मोडली नाही. मोजून घ्या. जे मोडलं ते मी मोडलं. काय नापास करायचं ते मला करा, पोरांचं नाव नका लिहू."

साहेबांनी घसा खाकरला. पुण्याच्या मॅडमनी ट्रक हळूच खणात ठेवला.

आणि खिडकीतून, जमिनीलगतून, खेमा म्हणाला, "घोडा बी म्या नोता तोडला, बाई."

बाई वळल्या. खेमा उकिडवा बसला होता आणि त्या खिडकीत त्याचं डोकं चार वर्षांच्या पोराच्या उंचीवर आलं होतं.

"सभापती बसले होते त्याच्यावर, फोटो काढाले. सारे मांडवात पांगले आन् कडकन आवाज झाला. ते उठले, इकडंतिकडं पाह्यलं, पाय तसाच खाली लोटून देला आन् च्या प्याले गेले. म्या उचलून पाहून राह्यलो होतो, जोडता येते का. तं तुमी आल्या."

"मंग तवा सांगतलं काहून नाई?" बाईंनी विचारलं.

"सांगू कसा? तोंडात बोलाच्या जागी तुमची चापट होती ना."

बाईंनी स्टूल घेतलं आणि भिंतीवरचा फोटो खाली काढला. पदरानं काच पुसली. तेवीस वर्षं त्या हा फोटो लोकांना दाखवत होत्या आणि तेवीस वर्षं त्यांनी तो एकदाही पाहिला नव्हता. सभापतींच्या पोटाखाली घोड्याचा पुढचा पाय बाहेरच्या बाजूला वाकला होता, तुटायच्या बेतात. सगळा तांडा कॅमेऱ्याकडं बघत होता. त्या गर्दीत एकट्या खेमाचं लक्ष घोड्याच्या पायाकडं होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथं संन्याशाचं वय चार होतं, आणि त्याच्यापायी पुढच्या तेवीस वर्षांतल्या पोरांनी कुलूप आणि रिकामी खोकी एवढंच पाहिलं होतं.

बाईंना त्या क्षणी फार लाज वाटली. त्या खिडकीपाशीच खाली बसल्या, जाळीच्या अलीकडं. "खेमा, मी चुकली," त्या म्हणाल्या. "माफ कर मले." रडू आलं ते त्यांनी लपवलं नाही.

खेमानं मान खाली घातली. "जाऊ द्या ना बाई," म्हणाला, पण ते म्हणायला त्याला जरा वेळ लागला.

मग बाई उठल्या. कपाटातून डेडस्टॉक रजिस्टर काढलं आणि पहिलं पान उघडलं. पहिलीच ओळ होती घोड्याची, आणि तुटफुटीच्या कारणाखाली त्यांच्याच तेव्हाच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, 'लाभार्थी खेमा, वय ४ वर्षे, याने तोडला.' त्यांनी ती ओळ खोडली आणि खाली लिहायला घेतलं.

साहेब डोकावले. "अहो बाई, हे काय लिहिताय? असं लिहिता येत नाही. सभापती गेले बिचारे. मेल्या माणसाबद्दल..."

"बसले तेव्हा जिवंत होते ना, सायेब? आणि खेमाचं नाव लिहिता आलं होतं की मला."

बाईंनी ओळ पूर्ण केली आणि खाली सही ठोकली. 'मा. सभापती महोदय, वय अंदाजे ५२ वर्षे, वजन अंदाजे एक क्विंटल, यांनी वर बसून तोडला. लाभार्थी खेमा हा पाय जोडता येतो का ते पाहत होता.'

पुण्याच्या मॅडमनीही आपल्या कागदावरचा रकाना भरला, 'खेळण्यांची झीज : मोठ्यांकडून तीन, मुलांकडून शून्य,' आणि खाली लिहिलं की हे केंद्र इथंच राहावं. साहेबांनी सही केली. बहुधा जेवणाला उशीर होत होता.

संध्याकाळी अंजना मॅडमचा सगळ्या केंद्रांना मेसेज गेला, 'तांड्याचा नमुना उत्तीर्ण झाला आहे. त्याच धर्तीवर सर्व सेविकांनी किमान तीन खेळणी तोडून दर्शनी भागात ठेवावीत.' बाईंनी तो वाचला आणि मोबाइल पिठाच्या डब्यावर पालथा ठेवला.

पण ते संध्याकाळचं. दुपारी गाडी गेल्यावर बाईंनी कपाटाच्या तळातून घोडा बाहेर ओढला, सुट्या पायासकट. खेमानं उंबऱ्याशी चप्पल काढली आणि आत आला. घोडा उलटा केला, पाय लावून पाहिला, दोन खिळे मारले, तार गुंडाळली. पाच मिनिटांचं काम होतं. घोडा सरळ उभा करून त्यानं झुलवून पाहिला, पाठीवर हात टेकला, आणि गंमत म्हणून एक पाय उचलून त्यावर टाकायला निघाला.

रीता धावत आली. तिनं दोन्ही हातांनी बापाचा सदरा धरला आणि मागं ओढला.

"बा, तू नोको बसू," ती म्हणाली. "मोठे बसले का तुटते."

खेमानं पाय खाली घेतला. बाईंनी गळ्यातली किल्ली काढली आणि तिला कुठं ठेवावं हे न सुचून खणात, ट्रकच्या शेजारी ठेवून दिली. रीता घोड्यावर बसली.